विकायला मांडलेलं घर

१

पावणेपाचला मांडणीबाई फुलं घेऊन आली, तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. नुसतं लोटलेलं होतं.

फुलं अगदी शेवटी ठेवायची, हा तिचा शिरस्ता. गिऱ्हाईक साडेपाचला येणार होतं. फुलदाणीत पाणी घालायचं, खिडक्या उघडायच्या, दिवे लावायचे आणि सव्वापाचला आपण तिथून नाहीसं व्हायचं. दोन्ही हात भरलेले होते, म्हणून तिनं कोपरानं दार ढकललं. जिन्याच्या पायथ्याशी अप्पा पडले होते.

पालथे. एक हात अंगाखाली, दुसरा शेवटच्या पायरीवर. पायात एकच चप्पल. तिनं फुलं जमिनीवर ठेवली, वाकून त्यांच्या मानेला हात लावला. मान अजून पुरती गार झाली नव्हती, पण बोटांखाली काहीच हलत नव्हतं. तिनं वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी लाल गालिचा चुरगळून पडला होता आणि त्याची एक कड वरच्या पायरीवर लोंबत होती.

मागं पावलं वाजली. अप्पांचा धाकटा मुलगा दारात उभा होता, हातात औषधांच्या दुकानातली कागदी पिशवी. त्यानं वडिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो पुढं आला नाही. अप्पांना हाकही मारली नाही. भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या दिवशी.

मांडणीबाई हे काही तिचं खरं नाव नाही, पण घरं विकणारे एजंट तिला त्याच नावानं ओळखत. पंचवीस वर्षं ती एका नाटक कंपनीत नेपथ्य सांभाळत होती. कंपनीचा गाशा गुंडाळला गेला आणि ती या धंद्यात आली. विकायला काढलेलं घर रिकामं असलं की भकास दिसतं, आणि राहतं असलं की दुसऱ्याचं दिसतं. गिऱ्हाइकाला ते आपलं वाटलं पाहिजे. म्हणून मालकाचं सामान हलवायचं आणि तिथं असं सामान मांडायचं की जणू एक सुखी, टापटीप कुटुंब आत्ताच फिरायला गेलंय. टीव्ही पुठ्ठ्याचा. फळं मेणाची. कप बशीला चिकटवलेले, म्हणजे कुणाचा धक्का लागून फुटायला नकोत. वरच्या मागच्या खोलीतला तो ऐसपैस पलंग म्हणजे कडेनं उभी केलेली पुठ्ठ्याची रिकामी खोकी, मधे पोकळी, वर फुगवायची गादी आणि जमिनीपर्यंत सोडलेली पांढरी चादर. गिऱ्हाईक दारातून डोकावतं, हात लावत नाही. आजवर कुणी लावला नव्हता.

अप्पा एका मोजणी कार्यालयात नकाशे काढायचे. अंगानं भरभक्कम, सहा फूट उंच, आणि गेली काही वर्षं डोक्यानं लहान होत चाललेले. बायको गेल्यापासून त्यांची मोठी मुलगी त्यांच्याजवळ राहायची. तिला सगळे ताई म्हणत. धाकटा दुसऱ्या गावी नोकरीला. आता अप्पांना चोवीस तास माणूस लागणार, म्हणून घर विकून त्यांना चांगल्या शुश्रूषेच्या जागी ठेवायचं, असं भावंडांनी ठरवलं. घर मांडायचं म्हणून ताई अप्पांना घेऊन दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली होती.

साडेसहाला फौजदारांनी मांडणीबाईला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. ते टेबलापाशी बसले होते. त्यांनी सवयीनं समोरचा कप बाजूला सारायला हात घातला, तर बशीही बरोबर आली. त्यांनी ती परत ठेवली आणि विचारलं, "गालिचा तुमचा?"

२

गालिचा तिचाच होता. तिनं ते कबूल केलं, पण तो मागच्या खोलीत पलंगाजवळ घातला होता, जिन्यापाशी नाही, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं कुठल्याच घरात जिन्याजवळ गालिचा घातलेला नव्हता.

फौजदार निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी तिला धाकट्याची जबानी थोडक्यात ऐकवली. अप्पा सकाळपासून घर पाहायचंय म्हणून हट्ट धरून बसले होते. तीन वाजता धाकटा त्यांना घेऊन आला. ताई भाड्याच्या घरी झोपली होती, रात्रभर जागी होती बिचारी. वर आल्यावर अप्पा दमले, म्हणून त्यानं त्यांना मागच्या खोलीत पलंगावर आडवं केलं. त्यांचा डोळा लागल्यावर तो औषधं आणायला गेला. परत आला तर मांडणीबाई अप्पांजवळ वाकलेली. म्हणजे मधल्या वेळात अप्पा उठले, जिन्याशी आले आणि गालिच्यात पाय अडकून गेले. सरळ प्रकरण होतं. मुद्दामहून कुणी केलं असं फौजदारांना वाटत नव्हतं, पण निष्काळजीपणा म्हणून एक गोष्ट असते, आणि ती गालिच्याच्या मालकिणीकडे जात होती.

मांडणीबाईच्या धंद्याचं तर नाव जाणारच होतं. पण त्याहून एक गोष्ट तिला खुपत होती. गुरुवारी ती घर मांडत असताना ताई अप्पांना घेऊन आली होती. ताईनं उत्साहानं मदत केली. पलंगाची खोकी रचू लागली, चादरीच्या कोपऱ्याची लिफाफ्यासारखी घडी कशी घालायची ते डाव्या हातानं घालून घालून शिकून घेतलं. अप्पा मात्र दारातच उभे राहिले. नव्या पडद्यांकडे, पिवळ्या उशांकडे बघत त्यांनी मांडणीबाईला अदबीनं विचारलं, "मालक नाहीत का घरात?" आणि तिनं, नाटकातल्या सवयीनं, म्हटलं होतं, "येतील एवढ्यात. बसा ना." ते बसले नव्हते.

आता ती गालिच्याचा विचार करत होती. तो जिन्याच्या तोंडाशी कसा राहील, हे डोळ्यांसमोर आणत होती. राहणारच नाही.

"साहेब, तिथं गालिचा घालताच येत नाही," ती म्हणाली. "फाटक उघडणार कसं? खालून घासत येतं ते. गालिचा असला तर अडकेल."

फौजदारांनी कागदावरून मान वर केली.

"कुठलं फाटक?"

३

दोघं वर गेले. जिन्याच्या तोंडाशी फाटक नव्हतं. एका बाजूला पांढरी भिंत, दुसऱ्या बाजूला कठड्याचा पांढरा खांब, दोन्ही गुळगुळीत.

तिनं फोन काढला. काम संपलं की प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवायची तिची जुनी सवय होती. नाटकात दुसऱ्या प्रयोगाला सगळं जिथल्या तिथं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या फोटोत फाटक होतं. कमरेइतकं उंच, लाकडी, खटका बाहेरच्या बाजूला. अप्पा जिन्यावरून पडू नयेत म्हणून ताईनं दोन वर्षांपूर्वी बसवून घेतलेलं. एजंट आणि धाकटा दोघांनीही ते काढायला सांगितलं होतं, कारण त्यानं घर आजाऱ्याचं वाटतं. मांडणीबाईनं ऐकलं नव्हतं. अप्पा अधूनमधून येतात, तेव्हा शनिवारी गिऱ्हाईक यायच्या आधी पाच मिनिटं मीच काढीन आणि ते गेलं की लावीन, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं.

फौजदारांनी फोटो नीट पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे काल संध्याकाळी होतं. किल्ल्या चार. एजंटकडे, भावाकडे, बहिणीकडे आणि तुमच्याकडे. त्यांत स्क्रू काढायची हत्यारं घेऊन फिरणारं माणूस एकच."

तिनं फोन बंद केला. आपल्याच फोटोनं आपल्याला गोत्यात आणलं होतं. फौजदारांनी धाकट्याला विचारलं, तर तो म्हणाला, फाटक केव्हाच काढलं असेल असं त्याला वाटलं, त्यानं लक्ष दिलं नाही. ताईला त्या दिवशी काही विचारण्यात अर्थ नव्हता.

रविवारी सकाळपर्यंत बातमी पसरली. दोन घरांची ठरलेली कामं फोनवरच रद्द झाली. दुपारी एजंटचा निरोप आला, सामान लगेच उचला. तो किल्ली घेऊन खाली दारातच उभा राहिला. जाड्या अंगाचा, गुडघ्यांनी बेजार माणूस; वरचा मजला त्यानं अजून पाहिलेला नव्हता, फोटोंवरच घर विकायला काढलं होतं. तिच्याशी बोलताना त्याची नजर फुटपाथवर होती. फाटक आपण काढलं नाही, हे त्यानं न विचारताच सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "तेवढा वरचा पलंग मात्र विकायचा का, विचार करा. फोटो पाहून गिऱ्हाईक त्याच्यावर खूश होतं. सागवानी असेल ना?"

ती वर गेली.

जिन्याच्या तोंडाशी थांबून तिनं भिंतीवरून बोट फिरवलं. एका जागी बोट किंचित रुतलं. तिथं खालीवर चार ठिपके होते, भिंतीसारखेच पांढरे, पण मऊ. तिनं बोट नाकाशी नेलं. पुदिन्याचा वास आला. न्हाणीघरात तिनं शोभेला म्हणून नवी टूथपेस्ट ठेवली होती, कोरी, न दाबलेली. ती आता मधोमध चेपलेली होती. स्क्रूची भोकं कुणीतरी टूथपेस्टनं बुजवली होती. हा रंगाऱ्याचा हात नव्हता. घर सोडताना खिळ्यांची भोकं झाकायची ही घरगुती युक्ती होती.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि चादर उचलायला वाकली. आणि तशीच थांबली. काल जबानी ऐकताना तिचं सगळं लक्ष गालिच्याकडे होतं. अप्पांना पलंगावर आडवं केलं, असं धाकटा म्हणाला होता. सहा फुटी, भरभक्कम अप्पांना. तिनं चादर वर केली. बारा खोकी, बाराच्या बारा ताठ उभी. एकालाही चेप नव्हता. या पलंगावर कुणी आडवं झालं नव्हतं, टेकलंसुद्धा नव्हतं.

तिनं एक खोकं ओढून बाजूला केलं. आतल्या पोकळीत फाटक होतं, बिजागऱ्यांसकट, आणि वर एका कागदात गुंडाळून ठेवलेले स्क्रू.

४

तिनं खोकं परत लावलं. चादर सारखी केली. एजंटला म्हणाली, अजून तासभर लागेल, आणि रस्ता ओलांडून समोर गेली.

समोरच्या घरात कपडे शिवणारी एक बाई राहायची. तिचं मशीन खिडकीतच होतं. शनिवारी तिनं काय पाहिलं हे कुणी तिला विचारलंच नव्हतं, त्यामुळे ती जरा रुसलेलीही होती. तिचं म्हणणं असं की तीनच्या सुमाराला ती आत जेवायला बसली होती, तेव्हाचं ठाऊक नाही. पण चारला ती मशीनवर होती. धाकटा रस्त्याच्या टोकाकडून धावत आला आणि आत शिरला.

"अप्पा होते बरोबर?"

"छे. एकटाच. आणि असा धावत होता, जसं कुणी बोलावलंय."

काल त्यानं अप्पांना हाक का मारली नव्हती, ते मांडणीबाईला आता कळलं. ती परतली तेव्हा धाकटा आलेला होता. एजंटकडची किल्ली ताब्यात घ्यायला. एका दिवसात त्याचे गाल आत गेले होते. ती त्याला म्हणाली, जरा वर या, एक गोष्ट विचारायची आहे. तो आला. जिन्याच्या पायऱ्या चढताना भिंतीकडे तोंड करून चढला.

तिनं विचारलं, अप्पांना नक्की कुठं झोपवलं होतं? त्यानं पलंगाची डावी कड दाखवली. इथं बसवलं, मग पाय वर घेतले, उशी दिली.

"बसा ना भाऊ," ती म्हणाली.

तो बसला. खोकी कडकड मोडली, गादी कलंडली आणि तो चादरीसकट जमिनीवर आला. तो उठला नाही. फाटलेल्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिला. त्या पुठ्ठ्याच्या फटीतून फाटकाची लाकडी पट्टी दिसत होती, तीही त्यानं पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं. त्याला ते समजलंच नव्हतं.

"हे इथं कसं?" तो म्हणाला.

ती उभीच राहिली. त्यानं चादर अंगावरून बाजूला केली. मग हळू आवाजात म्हणाला, "गालिचा मी टाकला. कशामुळे पडले ते काहीतरी दिसायला हवं होतं. तुमच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. सांगा फौजदारांना, मी टाकला, मीच ढकललं म्हणा हवं तर. पण ताईला यात ओढू नका."

ताईचं नाव तिनं काढलेलंच नव्हतं.

५

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही असं नाही. लागला, पण पुनःपुन्हा मोडला. सकाळी चहा घेताना तिनं सगळं एकदा नीट मांडून पाहिलं.

फाटक काढणाऱ्यानं ते पलंगात लपवलं. म्हणजे पलंग पोकळ आहे, हे त्या माणसाला ठाऊक होतं. एजंटला तो सागवानी वाटत होता. धाकट्याला ठाऊक असतं तर अप्पांना त्यावर झोपवल्याची थाप त्यानं मारलीच नसती. तो स्वतः त्यात पडला. ती स्वतः सोडली, तर पलंग रचताना एकच माणूस हजर होतं. आणि रविवारी तिनं वाकून जी चादर उचलली होती, तिचा कोपरा लिफाफ्यासारखा दुमडलेला होता. नीट, पण उलट्या हातानं. ताई डावखुरी होती.

राहता राहिलं एकच. फाटक अप्पा पडण्याआधी काढलं, की नंतर? नंतर काढलं असेल तर घाबरून केलेली झाकाझाक. पण आधी काढलं असेल, अप्पा वर हिंडत असताना, तर त्याचा अर्थ काय, हे मनाशी उच्चारायलाही ती धजेना.

फौजदारांकडे जायच्या आधी ती ताईकडे गेली. भाड्याच्या खोल्यांत सामान अजून बांधलेलंच होतं. ताईनं तिला खुर्ची दिली, स्वतः एका पेटीवर बसली. पन्नाशीची बाई, पण दोन दिवस हाताला काही काम नाही म्हणून हातांचं काय करावं हे न कळणारी. मांडणीबाईनं आडवळणं घेतली नाहीत. फाटक कुठं सापडलं ते सांगितलं.

ताईनं नाकबूल केलं नाही.

"आधी काढलं होतंत, की नंतर?"

"आधी," ताई म्हणाली.

बाहेर कुणीतरी बादली ठेवली. ताई त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसली, आणि मग सांगू लागली. शनिवारी दुपारी अप्पांनी घरी जायचं म्हणून हट्ट धरला, ते खरं होतं. पण धाकटा तेव्हा, तो उतरला होता त्या हॉटेलवर होता. तीच त्यांना घेऊन गेली. तिला तसंही जायचं होतं. फाटकावरून भाऊ दोनदा बोलला होता, एजंट एकदा. तिला वाटलं, पाच मिनिटं आधी काढायचं म्हणजे ती चार भोकं दिसणार. आपणच नीट काढू, बुजवू, गिऱ्हाइकाला शंकाही येणार नाही. तिनं घरून स्क्रू काढायचं हत्यार नेलं होतं. अप्पा पुढच्या खोलीत खिडकीपाशी जमिनीवर बसले होते, शांत. फाटक ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तिनं ते पलंगात सारलं.

"सगळं झालं होतं," ताई म्हणाली. "फक्त चादरीचा कोपरा नीट बसेना. तुम्ही दाखवलात तसा. दोनदा सोडला. तेवढ्यात अप्पा उठून बाहेर आले. मला म्हणाले, बाई, या घरातली माणसं कुठं गेली? मला बाई म्हणाले. मी म्हटलं, थांबा अप्पा, एवढं झालं की निघू. मान वर केली नाही."

मांडणीबाईनं खुर्ची जवळ ओढली.

"मग त्यांची पावलं ऐकू आली. जिन्याकडे जाणारी. त्या घरातली एकेक फळी मला माहिती आहे, कुठली कुठं वाजते. ते कुठं चाललेत, हे मला कळलं. फाटक नाही, हेही ठाऊक होतं. मीच काढलं होतं."

"आणि?"

"आणि मी घडी पुरी केली."

ते ती इतक्या साध्या सुरात म्हणाली की मांडणीबाईला आधी नीट ऐकल्यासारखंच वाटलं नाही.

"किती वेळ गेला असेल? चार पावलांचा. मी का नाही उठले, ते मला सांगता येत नाही. दोन दिवस मी तेच शोधतेय. कधी वाटतं, मी दमले होते, कळेपर्यंत झालं. कधी वाटतं, नाही, कळलं होतं. तुम्ही हुशार आहात. तुम्हाला काय वाटतं?"

मांडणीबाईला पलंग वाचता येत होता, भिंत वाचता येत होती. हे येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की तो पलंग मी रचला होता आणि ती घडी मी शिकवली होती.

त्या दुपारी ताईनं खाली जाऊन अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं; श्वास थांबला होता. तिनं भावाला फोन केला. तो धावत आला. त्यानं तिला काही विचारलं नाही. म्हणाला, तू इथं नव्हतीस. मी आणलं होतं त्यांना. तू घरी जा आणि झोप. इतक्या वर्षांत अप्पांसाठी मी काही केलं नाही, हे मला करू दे. आणि ती मागच्या दारानं निमूट घरी आली, कारण तिला कुणी घरी जा म्हटल्याला फार दिवस झाले होते.

६

फौजदारांना काय सांगायचं, याबद्दल मांडणीबाईला काही बोलावं लागलं नाही. ताईनं चपला घातल्या. दारात धाकटा भेटला. तो मांडणीबाईला गाठायलाच निघाला होता. गालिच्याचं तेवढं मी कबूल करतो, तुमचं नाव निघून जाईल, बाकीचं राहू द्या, असं तो अजिजीनं म्हणाला. ताईनं त्याचा दंड धरला आणि तिघं चालत ठाण्यावर गेले.

पुढं ते प्रकरण अपघात म्हणूनच मिटलं. धाकट्याला खोट्या जबानीबद्दल दोनदा खेटे घालावे लागले. मांडणीबाईचं नाव कागदातून गेलं, कामं हळूहळू परत आली, पण पोकळ पलंग तिनं पुन्हा कधी रचला नाही. खरा घेतला, जड, चार माणसं लागतात हलवायला. घर रिकामंच विकलं गेलं.

त्या सकाळी ठाण्यात ताईनं सगळं सांगितलं, मांडणीबाईला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. धाकटा मधेमधे बोलायला बघत होता, फौजदार हातानं त्याला थांबवत होते. ते लिहीत होते. लिहिता लिहिता मान वर न करताच त्यांनी विचारलं, "घटना घडली तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्ही एकट्याच होतात?"

"हो. मीच."

"किती वेळ होतात?"

ताईनं मनाशी हिशेब केला.

"बारा वर्षं," ती म्हणाली.

फौजदारांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. धाकट्यानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी ती ओळ रिकामी सोडली, आणि खाली पुढचं लिहायला घेतलं.